अकरा गाड्यांचा ताफा आणि एक तापणारा लॅपटॉप

मामांची आणि माझी ओळख प्रौढ शिक्षणाच्या वर्गात झाली. आम्ही दोघे पहिल्या बाकावर बसत असू, कारण तेथून फळा स्पष्ट दिसे आणि आम्हां दोघांच्याही दृष्टीला त्याची गरज होती. मामींची ओळख त्यानंतर झाली. त्या वर्गात शिकायला कधी आल्या नाहीत. परंतु मामा चष्मा घरी विसरत असत आणि तो घेऊन मामी दारात उभ्या राहत असत. पुढील हकीकत मी त्या दोघांकडून ऐकली आहे. जेथे दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तेथे मामींचे सांगणे खरे धरले आहे.

मामांनी चौतीस वर्षे मालाची अवजड गाडी चालवली. इंजिनाचा आवाज जरासा बदलला, तर त्याला कोठे दुखते आहे हे ते डोळे मिटून सांगत. परंतु त्यांना वाचता येत नव्हते. ही गोष्ट मामींखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती. ओळखीच्या रस्त्याने ते खुणांवर जात: वाकडा खांब आला की डावीकडे, पिवळी भिंत दिसली की उजवीकडे. रस्ता अनोळखी असला, तर सोबतच्या एका ड्रायव्हरच्या गाडीचे मागचे लाल दिवे ते नजरेआड होऊ देत नसत. या ड्रायव्हरला सर्व जण भोंगा म्हणत. तो गाडीचा भोंगा विनाकारण वाजवी आणि बोलतही त्याच पट्टीत असे. तू कधी पुढे का होत नाहीस, असे मामांना कोणी विचारले तर ते सांगत की मागे राहिले म्हणजे पुढच्याच्या चाकांवर लक्ष राहते. लोकांनी हा त्यांचा मोठेपणा मानला. अशा रीतीने मामांनी चौतीस वर्षे भोंग्याची पाठ पाहिली. त्याच्या बायकोनेही ती इतकी पाहिली नसेल, असे मामी म्हणतात.

मामा निवृत्त झाले आणि घरात बसून मामींच्या कामात लक्ष घालू लागले. मामी घरीच शिवणकाम करतात. गणवेश, कोट, पडदे असे सर्व काही एकाच खोलीत शिवले जाते. तेथे मामा शिलाईच्या मशीनचा आवाज ऐकून, तिला तेल कमी पडते आहे, असे दिवसातून चार वेळा सांगू लागले. मामींनी लेकीला फोन केला. लेक दुसऱ्या शहरात इमारतींचे नकाशे काढण्याचे काम करते. तिला नुकताच नवा संगणक मिळाला होता, म्हणून तिने आपला जुना गेमिंग लॅपटॉप वडिलांना पाठवून दिला. तो विटेइतका जाड होता आणि त्याची बटणे तांबडी उजळत. सोबत टेबलाला आवळून बसवायचे एक स्टिअरिंग होते आणि लॅपटॉपमध्ये ट्रक चालवण्याचा खेळ होता. मामांनी स्टिअरिंगवर हात ठेवला, आरशात पाहिले आणि सवयीने मान बाहेर काढून मागे बघू लागले. मामी म्हणाल्या, "खिडकी इकडे आहे, तुमच्या डाव्या हाताला."

त्यांच्या जुन्या कंपनीतले आणखी दहा निवृत्त ड्रायव्हर हाच खेळ आपापल्या घरून खेळत. दर रविवारी दुपारी चार वाजता अकरा जण कानांवर हेडफोन चढवत आणि अकरा गाड्यांचा ताफा तीन तासांच्या रस्त्याला लागे. पुढच्या गाडीवाल्याने पाट्या वाचून वाट काढायची आणि बाकीच्यांनी मागून यायचे, असा नियम होता. एका ड्रायव्हरच्या सुनेने खेळातल्या सर्व पाट्या आपल्या लिपीत करून दिल्या होत्या. पुढे राहण्याची पाळी फिरत असे. मामांची पाळी आली की ते गुडघा दुखत असल्याचे सांगत. खेळाला गुडघा कशासाठी लागतो, हे कोणी विचारले नाही.

मग मामांनी वर्गात नाव घातले. आठ महिन्यांत ते जोडाक्षरांपर्यंत पोहोचले. ते सावकाश वाचत, परंतु बरोबर वाचत. एका सोमवारी बाकावर बसताच त्यांनी मला सांगितले की चुकवलेल्या पाळ्या भरून काढायला येत्या रविवारपासून आपण पुढे राहणार आहोत. आयुष्यात एकदा तरी आपल्यासमोर मोकळा रस्ता असावा आणि मागे दहा गाड्या असाव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती.

पहिल्या रविवारी त्यांनी अडतीस मिनिटे ताफा नेला. एकोणचाळिसाव्या मिनिटाला लॅपटॉप भात्यासारखा धापा टाकू लागला, पडदा काळा झाला आणि मामांची गाडी रस्त्यावरून नाहीशी झाली. मागचे दहा जण नेमके वळणावर होते. एक पुलाच्या कठड्याला भिडला, दोन जण शेतात उतरले आणि एक सरळ कुंपण मोडून कोणाच्या तरी अंगणात गेला.

दुसऱ्या रविवारी मामांनी लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली मामींच्या दोऱ्याची चार रिकामी रिळे ठेवली, जेणेकरून खालून हवा लागावी. त्या दिवशी तो एक तास सहा मिनिटे टिकला. पुन्हा पडदा काळा झाला, पुन्हा गाड्या शेतात गेल्या. लॅपटॉप थंड करून मामा परत आले तेव्हा हेडफोनमध्ये भोंगा वाजत होता.

"काय रे पुढारी, वितळलास काय? हे बघ, दोनदा झालं. तिसऱ्यांदा गायब झालास तर तुझी पाळी कायमची बंद. मग आपला माझ्या मागे ये. जागा तुझ्या सवयीचीच आहे."

बाकीच्यांना ते पटले, कारण दोन रविवार शेतात काढून ते कंटाळले होते. मामांनी हेडफोन काढून ठेवला आणि मशीनच्या तेलाविषयी त्या संध्याकाळी एकही शब्द काढला नाही. त्यावरून मामींनी ओळखले की गोष्ट जिव्हारी लागली आहे.

सोमवारी मामा लॅपटॉप काखेत मारून दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने तो उलटासुलटा केला आणि विचारले की हा किती जुना आहे. सहा वर्षे, असे मामांनी सांगितले. यात आता दम राहिला नाही, नवा घ्या, असा सल्ला मिळाला. मामांनी त्याला ऐकवले की त्यांच्या गाडीचे इंजिन एकवीस वर्षांचे होते आणि तीनदा उतरवून पुन्हा चढवले होते. सहा वर्षांच्या इंजिनाला म्हातारे म्हणणाऱ्याने इंजिन पाहिलेलेच नाही. मग एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पेस्टची एक नळी घेऊन ते तावातावाने घरी आले.

मंगळवारी इंजिन उतरवण्यात आले. मामींनी कापडाच्या तुकड्यावर खडूने अकरा वर्तुळे आखून दिली आणि जो स्क्रू जेथून निघाला तो त्याच जागी ठेवण्यात आला. झाकण निघाले. आत दोन लहान पंखे होते, त्यांना चिकटून तांब्याच्या चपट्या नळ्या होत्या आणि नळ्यांच्या टोकाला पातळ पत्र्यांची बारीक जाळी होती. मामांना हर्ष झाला. हा तर सरळ सरळ रेडिएटर आहे, पाण्याऐवजी नळीवर चालतो एवढेच, असे त्यांनी जाहीर केले. परंतु जाळीतून पलीकडचे काही दिसत नव्हते. तिच्यात जाड गादीसारखा एक थर बसला होता. मामींनी तो चिमट्याने ओढून काढला आणि उजेडात धरला. त्यात गणवेशांचा निळा होता, पडद्यांचा हिरवा होता आणि मधोमध एक गर्द मरून पट्टा होता.

"हा डॉक्टरीणबाईंचा कोट," मामी ओळख पटवून म्हणाल्या.

"तुझ्या शिवणकामानं माझं इंजिन गुदमरलं."

"माझ्या शिवणकामाच्या टेबलावर तुमचं इंजिन आलंच कशाला?"

 मामींनी मशीनच्या दात्यांखालचा कचरा काढायचा लहान ब्रश आणला आणि जाळीचा एकेक पत्रा स्वच्छ केला. त्यानंतर तांब्याच्या नळ्यांखालच्या चिपवर पेस्ट लावण्याची वेळ आली. मामांचा हात ग्रीस भरण्यात तयार झालेला असल्यामुळे त्यांनी अर्धी नळी एका दमात रिकामी केली. पेस्ट चारी बाजूंनी ओघळली. लेक फोनच्या पडद्यावरून हे पाहत होती. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "बाबा, मटाराच्या दाण्याएवढी. चाकाला ग्रीस नाही भरायचंय." सर्व पुसून काढावे लागले आणि दुसऱ्या खेपेस मामींनी स्वतःच मटाराचा दाणा घातला.

याचा गुण आला. लेकीने पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसेल अशी सोय करून दिली होती. आकडा नव्वदच्या पुढे गेला की सांभाळा आणि शंभराजवळ गेला की लॅपटॉप आपण होऊन बंद होईल, असे तिने बजावले होते. बुधवारी दीड तास चालवल्यावर आकडा पंचाण्णववर पोहोचला. दीड तासाला हे ठीक होते. परंतु ताफ्याला तीन तास लागत.

तेव्हा मामांनी ठरवले की याला बाहेरून वारा द्यायचा. गुरुवार आणि शुक्रवार त्यांनी पत्रा कापण्यात घालवले. बिस्किटांचा मोठा डबा, स्वयंपाकघरातला धूर बाहेर टाकणारा जुना पंखा, पुठ्ठा आणि तार यांतून त्यांनी एक नाकाडे तयार केले आणि ते लॅपटॉपच्या पडद्यामागे, मागच्या जाळीकडे तोंड करून बसवले. पंखा सुरू केला की सारा वारा थेट जाळीवर आदळे. मामांनी त्याला बॉनेट असे नाव दिले. शेजारचे दोघे येऊन पाहून गेले आणि त्यांनीही माना डोलावल्या.

शनिवारी सकाळी चाचणी झाली. पंधरा मिनिटांत आकडा सत्त्याण्णववर गेला.

मामांचा विश्वास बसेना. बॉनेट नसताना जे दीड तासात झाले नाही, ते बॉनेट लावल्यावर पंधरा मिनिटांत झाले होते. वारा कमी पडत असेल, असे समजून त्यांनी मामींचा टेबलपंखाही मागे नेऊन लावला. आता दहा मिनिटे पुरली. जितका वारा वाढवावा तितका लॅपटॉप अधिक तापे. खोलीभर कपडे बेतायचे कागदी साचे उडत होते, गणवेशाची एक बाही खिडकीच्या पडद्याच्या दांडीला जाऊन अडकली होती आणि त्या वावटळीच्या मधोमध मामा खुर्चीवर खचून बसले होते. उद्या भोंग्याला फोन करून मागची जागा मागून घेतो, असे ते म्हणाले.

मामी त्या वेळी शर्टाची किनार दुमडत होत्या. त्यांनी दातांनी तोडलेला पांढरा दोरा हातातच होता. त्या उठल्या, दोन्ही पंखे बंद केले आणि लॅपटॉप तेवढा चालू ठेवला. मग त्यांनी दोऱ्याचे टोक मागच्या जाळीसमोर धरले. दोरा बाहेरच्या बाजूला उडाला. त्यांनी तो लॅपटॉपच्या पोटाखाली धरला, तेव्हा तो आत ओढला गेला. नंतर त्यांनी बॉनेट सुरू केले आणि दोरा पुन्हा मागे धरला. तो पुढेही जाईना आणि मागेही येईना; अधांतरी थरथरत उभा राहिला.

"हा बिचारा आतली वाफ बाहेर टाकतोय आणि तुम्ही ती त्याच्याच तोंडात कोंबताय," मामी म्हणाल्या.

"अगं, गाडीला वारा समोरूनच लागतो. पडद्याची पाठ म्हणजे गाडीचं तोंड. चौतीस वर्षं हेच पाहिलंय मी."

"गाडी पळते म्हणून समोरून लागतो. ही कुठं पळतेय? जागची हलते का ही?"

मामांनी जागच्या जागी उभ्या लॅपटॉपकडे पाहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले आणि ते हसत सुटले. ते इतके हसले की त्यांना खुर्चीची पाठ धरावी लागली. मामींनाही हसू आवरेना. उभ्या गाडीला वारा घालणाऱ्या ड्रायव्हरची गोष्ट त्यांनी तेथल्या तेथे फोन करून लेकीला सांगितली आणि तिकडे लेकीच्या कार्यालयात हसण्याचा दुसरा अंक झाला.

दुपारपर्यंत सर्व काही उलटे करण्यात आले. टेबलाच्या फळीला लॅपटॉपखाली चौकोनी भोक पाडून त्याखाली तोच जुना पंखा बसवला, जेणेकरून थंड हवा लॅपटॉपच्या पोटात जावी. बिस्किटांच्या डब्याचे नाकाडे मागच्या जाळीला आतल्या तोंडाने जोडले आणि त्याचे दुसरे तोंड खिडकीबाहेर काढले, जेणेकरून गरम हवा घरात राहू नये. जोडाच्या फटीतून हवा गळत होती. मामींनी आपल्या डब्यातून कोटाच्या खांद्यात घालायचे दोन पॅड काढले आणि ते फटीत ठासून बसवले. ते अगदी मापाचे निघाले. लॅपटॉपला आता भरदार खांदे आले होते. दोन तास चालवूनही आकडा अठ्ठ्याहत्तरच्या वर गेला नाही. खिडकीबाहेर शेजारणीचे मोजे वाळत होते. ते त्या दिवशी तासाभरात खडखडीत वाळले आणि तिने दुसरी जोडी आणून त्याच जागी लावली.

रविवारी चार वाजता मामांनी पुढची जागा घेतली. पहिला तास अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी असा गेला. मामा मधूनमधून पाटी आली की ओठ हलवीत आणि दिवा दाखवून वळत. मागून दहा गाड्या निमूट वळत. दुसऱ्या तासाच्या अखेरीस मामींनी मशीनवरून मान वर केली आणि त्यांना आकडा दिसला. तो चौऱ्याऐंशी होता. पाहता पाहता अठ्ठ्याऐंशी झाला. मामांना त्यांनी काही सांगितले नाही, कारण मामा त्या वेळी घाट उतरत होते. एक्याण्णव झाला तेव्हा त्या टेबलाखाली शिरल्या. कॉलरमध्ये घालायच्या कडक कापडाचा एक तुकडा जमिनीवरून उडून पंख्याच्या तोंडाला चिकटला होता आणि पंखा रिकामाच घोंघावत होता. मामींनी तो ओढून काढला. तुकडे त्यांच्याच मशीनखालचे होते आणि अजून पुष्कळ पडले होते, म्हणून त्या परत बाहेर आल्या नाहीत. हातात मशीनचा ब्रश घेऊन त्या पंख्याशेजारी मांडी घालून बसल्या आणि जो तुकडा सरपटत येईल त्याला परतवून लावू लागल्या. आकडा ब्याऐंशीवर आला. मामांना हे काहीच ठाऊक नव्हते. टेबलाखालून पायाला कोणीतरी सारखे ढोसत आहे, एवढेच त्यांना जाणवत होते.

तीन तास अकरा मिनिटांनी अकराही गाड्या गोदामाच्या फाटकातून आत गेल्या. एकही शेतात गेली नाही. भोंगा म्हणाला की पुढच्या रविवारीही पुढे तूच राहा. मामा उठून उभे राहिले, टेबलाखाली वाकले, मामींना हात देऊन बाहेर काढले आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला. दहा म्हातारे टाळ्या वाजवत होते.

परंतु मामींना त्या दिवसाचे विचारले तर त्या टाळ्यांचे सांगत नाहीत. त्या तिसऱ्या तासातल्या एका तिठ्याचे सांगतात. तेथे एका उंच पाटीवर तीन ओळी होत्या आणि तीनही ओळी जोडाक्षरांनी भरलेल्या होत्या. मामांनी ब्रेक दाबला. मागे दहा गाड्या एकीला एक लागून उभ्या राहिल्या आणि भोंग्याने भोंगा धरला तो सोडेना. कोणीतरी विचारले की गाडी पुन्हा तापली काय. तापली असे सांगितले असते तर ते सर्वांना खरे वाटले असते, आणि तसे सांगणे सोपे होते. टेबलाखाली बसलेल्या मामींचा हात ब्रशवर तसाच राहिला. चौतीस वर्षांत जे मामा कोणाला बोलले नव्हते, ते त्यांनी हेडफोनमध्ये, आवाज न चढवता, त्या दहा जणांना सांगितले.

"गाडी ठीक आहे. मी वाचायला यंदाच शिकलोय, मला वेळ लागतो. जरा थांबा, मला पाटी वाचू द्या."